सहलीचा थांबा

"मला नाही जायचं! मला आईकडे जायचंय!"

चिमणीने पेट्रोल पंपाच्या कुंपणाचा लोखंडी खांब दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि ड्रायव्हरमामा तिचं एकेक बोट सोडवत होते. एक हात सुटला की दुसरा जास्तच आवळला जायचा.

"अगं बयो, बसमध्ये बसलीस तरच आईकडे जाशील ना? हा खांब नेणारे का तुला घरी?" मामा म्हणाले. त्यांचा आवाजच असा होता, की लाडाने बोलले तरी दटावल्यासारखं वाटायचं. शेवटी त्यांनी तिला काखेत हात घालून उचललं आणि खांद्यावर टाकलं. चिमणीने भोकाड पसरलं. पाय झाडले.

तिला सकाळपासूनच बरं नव्हतं. तिसरीचा वर्ग जलशुद्धीकरण केंद्र बघायला गेला होता. गढूळ पाणी मोठ्या हौदात येतं कसं, तुरटीने गाळ बसतो कसा, वाळूतून ते झिरपतं कसं, हे सगळं मुलांनी डोळे विस्फारून पाहिलं. चिमणी मात्र तिथेच ओकली आणि मग तिने आईचा धोशा लावला तो लावलाच. परतीच्या वाटेवर या चौकात बस थांबली होती, मुलांना लघवीला सोडायला. बाई आणि धाकट्या मॅडम पंपामागच्या स्वच्छतागृहापाशी रांग लावून उभ्या होत्या. मामांच्या खांद्यावर हातपाय झाडणारी चिमणी बघून बाईंना हसूच आलं.

रस्त्यापलीकडे पंक्चरचं दुकान होतं. टायरमधून ट्यूब ओढून काढणाऱ्या माणसाने मान वर केली.

"ओ, कुणाची पोरगी आहे ती?"

"माझी नाही, एवढं नक्की," मामा हसत म्हणाले. "माझी असती तर एवढी रडली नसती."

पंक्चरवाला हसला नाही. त्याने हातातली ट्यूब खाली ठेवली.

बाईंना शाळेत सगळे सहलबाई म्हणत. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. नोकरीला लागल्यापासून सहल त्यांच्याचकडे. आधी कुणाला नको होती म्हणून, नंतर दुसऱ्या कुणाला जमत नाही म्हणून. बेकरी, छापखाना, अग्निशमन केंद्र, दूध संकलन केंद्र, टपाल कार्यालय, सगळीकडे त्यांनी मुलांना फिरवलं होतं. आणि त्यांचा एक नियम होता: जिथे मुलं जाणार, तिथे आधी आपण जायचं. कठडा किती उंच आहे, विहिरीवर जाळी आहे का, दुपारी ऊन कुठून येतं, कुत्री कितपत भुंकतात, संडासाच्या दाराला आतून कडी आहे का आणि ती लहान पोराला उघडता येते का. यजमान, म्हणजे बाईंचे मिस्टर, घड्याळं दुरुस्त करायचे. ते म्हणत, "आमच्या लग्नाआधी ही आमचं घर बघायला दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा फक्त जिना मोजायला."

या चौकातही बाई आठवड्यापूर्वी येऊन गेल्या होत्या. एकट्याच. एसटीने. चार दुकानांत चौकशी केली होती. इथे रस्त्यावर मुलं असतात का, दुपारी वर्दळ किती असते, गाडी लावायला सावली कुठे आहे. लोकांनी उत्तरं दिली होती. त्या लोकांच्या डोक्यात त्याच दिवसांत काय शिजत होतं, ते बाईंना ठाऊक नव्हतं.

म्हणजे अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. पोरं पळवणारी टोळी आली आहे, एक बाई आणि एक दांडगा माणूस, मोठ्या गाडीत घालून नेतात, असं शिक्षकांच्या खोलीतही कुणीतरी बोललं होतं. मोबाइलवर फिरत होतं. मामा तेव्हा दारातच उभे होते. "आपली तिसरी नेऊ द्या त्यांना," ते म्हणाले होते. "दोन तासांत हात जोडून परत आणून सोडतील." सगळे पोट धरून हसले होते. बाईसुद्धा.

मुलांची रांग घेऊन बाई बसजवळ आल्या, तेव्हा मामांभोवती सात-आठ माणसं जमली होती. चिमणी बसच्या पायरीवर बसून हुंदके देत होती.

"काय झालं मामा?"

"काही नाही, हे विचारतायत पोरगी कुणाची."

"आमच्या शाळेची आहे," बाई पंक्चरवाल्याकडे बघून म्हणाल्या. "सहल आहे आमची. पुढे फलक लावलाय बघा."

"फलक काय, कुणीपण छापतं."

"ओळखपत्र दाखवू का माझं?"

"ते पण कुणीपण छापतं."

तरी बाईंनी पर्समधून ओळखपत्र काढलं. ते कुणी हातातही घेतलं नाही. गर्दीतून एक जण पुढे आला, त्याने बाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि तो ओरडला, "अरे, हीच ती! गेल्या आठवड्यात आली होती. एकटीच. पोरं रस्त्यावर कधी असतात विचारत होती!"

"मी असं नव्हतं विचारलं, मी—"

"मलापण विचारलं," दुसरा म्हणाला. "गाडी कुठे लावता येईल म्हणून."

जवळजवळ प्रत्येक शब्द खरा होता.

"मुलांना विचारा ना," धाकट्या मॅडम काकुळतीने म्हणाल्या. नुकत्याच लागल्या होत्या त्या, पहिलीच सहल. "मुलंच सांगतील."

पंक्चरवाला चिमणीपुढे उकिडवा बसला. आवाज अगदी मऊ करून त्याने विचारलं, "बाळा, ही तुझी आई आहे का?"

चिमणीने मान हलवली. नाही.

"आणि हा माणूस? हा कोण लागतो तुझा?"

"कुणी नाही."

"तुला यांच्याबरोबर जायचंय का?"

"नाही. मला आईकडे जायचंय."

तो उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रागापेक्षा वाईट काहीतरी होतं. आपण अगदी बरोबर आहोत अशी खात्री.

पहिला फटका कुणी मारला हे नंतर कोर्टात बराच वेळ चाललं. बाईंना फक्त आवाज आठवत होता, ओलं कापड दगडावर आपटल्यासारखा, आणि मामांच्या तोंडातून निघालेलं "अरे, अरे, ऐका तर". मग चारही दिशांनी माणसं धावत आली. कुणाला काय झालंय हे विचारायची गरज नव्हती. "सापडले, सापडले," एवढंच पुरेसं होतं.

मामा अंगाने आडदांड होते. त्यांनी दोघांना ढकलून पाडलं, चिमणीला उचलून बसमध्ये फेकल्यासारखं आत टाकलं आणि बाकीच्या मुलांना रेटत पायरीवर चढवलं. धाकट्या मॅडम आतून पोरांना ओढत होत्या. शेवटी बाई राहिल्या. इतक्या वर्षांत मामांनी बाईंना कधी बोटही लावलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी त्यांच्या पाठीत दणकून हात घातला, त्यांना आत लोटलं आणि बाहेरून दार ओढून घेतलं.

"बाई, आतून कडी! काही झालं तरी उघडायचं नाही!"

बाईंनी कडी घातली. त्यांच्या स्वतःच्या हाताने घातली.

मग बाहेरचं सगळं काचेपलीकडे झालं. मामा दाराला पाठ लावून उभे होते. पंक्चरवाल्याच्या हातात जॅकचा दांडा होता. दांडा मामांच्या गुडघ्यावर बसला आणि मामा वाकले. वाकल्यावर डोक्यावर बसला. कुणीतरी केस धरून त्यांना दारापासून ओढलं. कुणी लाकूड आणलं, कुणी साखळी, कुणी नुसतेच पाय वापरले. एक म्हातारासा माणूस काठी टेकत आला, त्याने दोन जणांना "जरा सरका" म्हणून जागा करून घेतली, काठी उगारून एक मारली आणि धापा टाकत बाजूला झाला. मोबाइल उंच धरून दोघे-तिघे चित्रण करत होते. "तोंड दाखव, तोंड दाखव," असं एक जण मामांना सांगत होता.

मुलं किंचाळत होती. सगळी एकाच बाजूच्या खिडक्यांना चिकटली होती. पहिली वीट आली आणि मधली काच फुटली. एका मुलाच्या कपाळातून रक्त आलं.

"खाली!" बाई ओरडल्या. "सगळे खाली! सीटच्या मधे! डोकं गुडघ्यात घाला!"

मुलं खाली बसली. धाकट्या मॅडम फोनवर पोलिसांना जागा सांगत होत्या आणि त्यांना त्या चौकाचं नाव आठवत नव्हतं. बाईंनी ते सांगितलं. पलीकडून कुणीतरी म्हणालं, निघतोच आहोत. ठाणं पुढच्या गावात होतं.

बाहेरून मामांचा आवाज येत होता. आता त्यात शब्द नव्हते.

"पाढे म्हणायचे," बाई म्हणाल्या. "मोठ्याने. दोनापासून. बाहेरचं काही ऐकू येता कामा नये. बे एके बे!"

"बे एके बे," दोन-चार कापरे आवाज निघाले.

"ऐकू आलं नाही मला!"

"बे दुणे चार! बे त्रिक सहा!"

मुलं पाढे ओरडू लागली. कानांवर हात, डोकं गुडघ्यात, आणि गळ्याच्या शिरा ताणून. वीट आली की आवाज मोडायचा आणि बाई पुढची ओळ द्यायच्या. दोनाचा संपला, तिनाचा झाला. बाई मधल्या वाटेत उभ्या होत्या. दारापर्यंत चार पावलं. कडी काढली तर ती माणसं आत येणार, मुलांना "सोडवणार", ओढून नेणार, कोण कुठे जाईल सांगता येणार नाही. कडी काढली नाही तर तो माणूस मरणार. मामांनी हे आधीच ठरवून टाकलं होतं. ते ठरवून गेले होते म्हणून बाईंना आणखीनच सहन होईना.

पाचाचा पाढा सुरू असताना बाहेरचा आवाज थांबला. मारण्याचा नाही, मामांचा.

बाई धाकट्या मॅडमजवळ गेल्या. "मी ड्रायव्हरच्या दाराने उतरते. त्या बाजूला कुणी नाही. मी उतरले की लगेच आतून लावून घे. आणि पाढे थांबू देऊ नकोस."

"बाई, नका जाऊ. मला एकटीला नाही जमणार."

"जमेल. सहाचा घे आता."

त्या मामांच्या जागेवरून सरकून खाली उतरल्या, मागे कडीचा आवाज ऐकला, आणि बसच्या पुढून वळसा घालून गर्दीत शिरल्या. त्यांचं वय पन्नाशी उलटलेलं, साडी, चष्मा. कोपरांनी वाट काढत त्या मधोमध पोचल्या आणि वर्गात गोंगाट झाला की ओरडायच्या तशा ओरडल्या, "थांबा! हात खाली!"

त्या आवाजाने क्षणभर चार-दोन हात खरंच खाली आले. त्यांनाही लहानपणी कुणीतरी बाईंनी शिकवलं असणार. पण सगळे आले नाहीत. बाई मामांच्या अंगावर आडव्या पडल्या. मामांचा चेहरा त्यांनी एकदा पाहिला आणि पुन्हा पाहिला नाही. खांद्यावर दांडा बसला तेव्हा हाड मोडल्याचं त्यांना कानाने कळलं, दुखायला नंतर लागलं. मग तोंडावर बूट आला. जिभेला आपलेच दात सुटे लागले. "हिला पण! हिला पण!" एका बाईचा आवाज होता तो.

मामांच्या छातीवर कान टेकला होता. आत काहीतरी चालू होतं. त्या तशाच पडून राहिल्या.

आणि बसमधून पाढे येत होते. दांडे थोडे मंदावले तसे ते स्पष्ट ऐकू येऊ लागले. सहा सक छत्तीस. सहा साती बेचाळीस. रडत, चुकत, पण एका सुरात.

"अरे," गर्दीत कुणीतरी म्हणालं, "पाढे म्हणतायत रे पोरं."

पळवून आणलेली पोरं पाढे म्हणत नाहीत, हे हळूहळू एकेकाच्या टाळक्यात शिरत गेलं. कडेची माणसं आधी सरकली. मोबाइल खिशात गेले. कुणी आपलं लाकूड गटारात टाकलं, कुणी पंपाच्या नळावर हात धुतले. पोलीस आले तेव्हा चौकात फक्त बस होती, दोन माणसं रस्त्यावर पडली होती आणि आठाचा पाढा चालू होता.

मामा तिसऱ्या दिवशी गेले. शुद्धीवर आलेच नाहीत. बाई त्याच रुग्णालयात वरच्या मजल्यावर होत्या, खांद्याला पट्टी, जबडा बांधलेला. मामांची बायको पायऱ्या चढून वर आली. मामीला बाई एवढ्या वर्षांत दोनदाच भेटल्या होत्या. ती खुर्चीत बसली आणि टपकणाऱ्या नळाकडे बघत राहिली.

बाईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी हात जोडायचा प्रयत्न केला, एकच हात उचलला गेला.

"तुम्ही दार उघडलं नाहीत, ते बरं केलंत," मामी म्हणाली. "उघडलं असतं आणि एखाद्या पोराला काही झालं असतं, तर यांनी तुम्हाला वरून शिव्या घातल्या असत्या." ती उठली. "पण मला तुमचा राग येतोय. तो मी काय करू ते मला कळत नाही."

बाईंनी मान हलवली. मामी निघून गेली.

शाळेत परत गेल्या तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की तिसरीचा वर्ग पाढे म्हणत नाही. फळ्यावर लिहिलेले बघून वहीत उतरवतात, गणितं बरोबर सोडवतात, पण तोंडाने म्हणत नाहीत. त्यांनी आग्रह केला नाही. शेजारच्या वर्गात पाढे सुरू झाले की त्या उठून खिडक्या लावायच्या.

मधल्या सुट्टीत एकदा पटांगणाच्या कोपऱ्यात घोळका दिसला. एक मुलगा मातीत पालथा पडला होता आणि पाच-सहा जण त्याला लाथा मारत होते. हळूच, खोट्या खोट्या. "तोंड दाखव, तोंड दाखव," एक जण म्हणत होता. हातात पट्टी, मोबाइलसारखी धरलेली.

"काय चाललंय?"

"मामा-मामा खेळतोय, बाई," पडलेला मुलगा मान वर करून म्हणाला. "आज माझं राज्य आहे."

बाईंनी आयुष्यात पोरावर हात टाकला नव्हता. त्या दिवशी त्यांनी पट्टीवाल्याच्या थोबाडीत अशी दिली, की तो दोन पावलं मागे गेला. त्याच्या गालावर बोटं उमटली. सगळी मुलं बाईंकडे बघू लागली. ती नजर बाईंच्या ओळखीची होती, बसच्या काचेतून बाहेर बघणारी. बाई तिथेच मातीत बसल्या. त्यांनी त्या मुलाला जवळ ओढलं, आणि बऱ्याच वेळाने तो रडला.

घोळका पांगल्यावर चिमणी तेवढी उभी राहिली.

"बाई, मी खोटं बोलले नव्हते."

"नाही गं."

"त्यांनी विचारलं ही आई का. तुम्ही आई नाही ना."

"नाही. तू अगदी खरं बोललीस."

"मग?"

त्यांनी तिच्या फ्रॉकची सुटलेली नाडी बांधली.

खटला जलदगती न्यायालयात उभा राहिला. शेकड्याने माणसं होती, धरले नऊ. बाईंनी त्यांतले तीन ओळखले, बाकीच्यांबद्दल सांगितलं की मला खात्री नाही. पंक्चरवाल्याच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही आदल्या आठवड्यात तिथे जाऊन मुलांबद्दल चौकशी केली होती, हे खरं आहे?"

"हो."

"म्हणजे संशय येण्यासारखं वागणं तुमचंच होतं."

"मुलांना कुठे नेतोय ते आधी बघणं हे माझं काम आहे," बाई म्हणाल्या. पडलेल्या दातांमुळे शब्द फुसकन निसटत होते, म्हणून त्यांनी ते सावकाश, पुन्हा एकदा म्हटलं.

पंक्चरवाला त्यांच्याकडे बघत होता. मध्येच तो उठून म्हणाला, "बाई, मला वाटलं मी पोरगी वाचवतोय. माझ्या लेकरांची शपथ." न्यायाधीशांनी त्याला बसवलं. बाईंना त्याचं म्हणणं खोटं वाटलं नाही. त्यामुळे काही सोपं झालं नाही.

घरी रात्री-अपरात्री फोन यायचे. पलीकडे कुणी बोलायचं नाही, नुसता श्वास. एकदा अंगणातली कुंडी कुणीतरी फोडून गेलं. यजमान घड्याळांचं भिंग डोळ्याला लावून बसायचे त्या टेबलाशी आता एक काठी टेकवलेली असायची. "मारायला नाही," ते म्हणायचे. "मला उठताना टेकायला." बाई साक्षीला शेवटपर्यंत गेल्या. तिघांना शिक्षा झाली.

पुढच्या वर्षी तीच मुलं चौथीत गेली. मोठ्या सरांनी सहली बंद केल्या होत्या. बाई त्यांच्या खोलीत गेल्या.

"सहल न्यायची आहे. धरणावर."

"त्याच रस्त्याने?" मोठे सर चष्मा काढून बघत राहिले. "बाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? दुसरीकडे कुठेतरी न्या. बागेत न्या."

"बागेत जाऊन आलोय आपण पहिलीत."

"मग कशाला तिथेच? पालक काय म्हणतील?"

"सर, ही मुलं वर्षअखेर शाळा सोडून जातील. आपण शिकवलेलं निम्मं विसरतील, ते चालतं. पण तो चौक घेऊन जातील. त्यांना तो एकदाच दिसलाय. मला त्यांना तो दुसऱ्यांदा दाखवायचाय."

"आणि पुन्हा काही झालं तर?"

"म्हणून तर आधी जाऊन येते."

बऱ्याच पालकांनी नाही म्हटलं. काहींनी दारातूनच कटवलं, एका आजोबांनी "लाज नाही वाटत?" असं विचारलं. बाई पुढच्या घरी गेल्या. चिमणीची आई मात्र म्हणाली, "ती जाणार म्हणतेय. मीपण येते बरोबर. तेवढं चालेल ना?"

"चालेल," बाई म्हणाल्या. "हवीच आहे मला एक आई."

ठरल्याप्रमाणे बाई आधी एकट्या गेल्या. यजमान बरोबर येतो म्हणाले, बाईंनी त्यांना नको म्हटलं. एसटीतून त्या पंपासमोर उतरल्या. पंपावरच्या माणसाने त्यांना ओळखलं आणि तो हातातली नळी तशीच धरून उभा राहिला. बाई त्याच्यापाशी गेल्या.

"गुरुवारी माझी शाळेची मुलं येणार आहेत. बस निळी आहे. दुपारच्या आत येईल. ड्रायव्हर नवा आहे. एखादं मूल रडलं तर तो त्याला उचलून घेईल. आधी सांगायला आलेय."

बाई पुढच्या दुकानात गेल्या. तिथेही तेवढंच बोलल्या. मग त्याच्या पुढच्या. कुणी मान खाली घातली, कुणी "बरं" म्हणालं, एकाने त्यांना बघताच आतली खोली गाठली, तर बाईंनी त्याच्या रिकाम्या गल्ल्याला उद्देशून सगळं सांगितलं. शेवटी पंक्चरचं दुकान राहिलं.

तिथे आता त्याची बायको बसायची. पदर खोचून ती टायर रिंगवरून उचकटत होती. हात कोपरापर्यंत काळे. बाईंना बघून तिने पहार खाली ठेवली नाही.

"मला कशाला सांगता?" सगळं ऐकून ती म्हणाली. "माझा माणूस आत आहे. तुम्हीच घातलात."

"हो. मीच घातला."

"मग?"

"सगळ्यांना सांगतेय. तुम्हाला वगळून कसं चालेल?"

ती बाईंच्या तोंडाकडे, दातांच्या जागी पडलेल्या खिंडीकडे बघत राहिली. मग पुन्हा टायरवर वाकली. पहारीचा जोर लावून तिने तो एका हिसक्यात सुटा केला आणि बाईंकडे पाठ केली. बाई थांब्यावर जाऊन बसल्या. एसटी यायला वेळ होता. सगळा चौक त्यांच्याकडे न बघण्यात गुंतला होता.

गुरुवारी बस चौकात आली तेव्हा आत चिडीचूप होतं. कुणी कुणाचा हात धरला होता, कुणी सीटखाली जायच्या तयारीत होतं. बाई आधी उतरल्या.

चौकात चिटपाखरू नव्हतं. एकूण एक दुकानाचं शटर खाली. पंपावर दोर बांधलेला. रस्ता झाडलेला होता आणि झाडूचे फराटे अजून मातीत दिसत होते. नवा ड्रायव्हर म्हणाला, "बाई, जाऊ या का पुढे? मला बरं नाही वाटत."

"थांबा जरा."

पंक्चरच्या बंद शटरसमोर एक बाकडं मांडलेलं होतं. त्यावर पाण्याने भरलेला पिंप, वर झाकण, आणि शेजारी घासूनपुसून पालथे घातलेले पेले. बरेच पेले. एका दुकानातले असणं शक्य नव्हतं, प्रत्येकाचा घाट वेगळा होता.

मुलं एकेक करून उतरली. चिमणी आईच्या मागे दडून बघत होती.

"बाई, हे पाणी कुणाचं आहे?"

"आपल्यासाठी ठेवलंय."

"कुणी?"

बाईंनी बंद शटरांकडे पाहिलं. त्यांनी डाव्या हाताने एक पेला सुलटा केला, पिंपातून भरून घेतला, आणि मुलांकडे पाठ न करता, सगळ्यांच्या देखत, तो शेवटपर्यंत प्यायल्या. मग पेला हातात धरून त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"रांगेत या," त्या म्हणाल्या.